आधी लाल दिवा, मग नाव

मुकुटबनच्या फाट्यावर सेवादास राठोडची टपरी आहे. पत्र्यावर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलंय : 'गाड्यांचा वायरमन. घाई असन त्यानं पुढं जावं.' वाचून लोक हसतात. सेवादास हसत नाही.

काम त्याला कोणी शिकवलं नाही. उस्तादांनी शिव्या तेवढ्या शिकवल्या, काम त्यानं चोरून पाहिलं. आज सिमेंटच्या, कोळशाच्या ट्रेलरचे ड्रायव्हर त्याच्याकडेच येतात, आणि येतात तेव्हा शिव्या खायच्या तयारीनंच येतात. कारण त्याची एक रीत आहे. उभ्या गाडीचा लाइट तो पास करत नाही. ड्रायव्हरला समोरच्या कडुलिंबाला वळसा मारायला लावतो, ब्रेक दाब म्हणतो आणि स्वतः धूळ खात मागं पळतो. वळणावर दिवा टिकला तर ठीक, नाहीतर गाडी परत टपरीसमोर.

ही रीत त्यानं हौसेनं नाही धरली. त्याच्या बहिणीचा नवरा मोटरसायकलवर एका ट्रेलरला मागून धडकला; ब्रेक लागला तेव्हा ट्रेलरचा दिवा पेटलाच नव्हता. पाय गेला. बघायला आलेल्यांनी ट्रेलरचं बटण दाबलं, लाल दिवा लख्ख लागला. झालं! दिवा चालू होता, पोरगाच बेफाम होता, असं ठरलं. उभ्या गाडीनं साक्ष दिली आणि चालत्या माणसाचा गुन्हा झाला. त्या दिवसापासून सेवादासच्या डोक्यात जे पेटलंय ते विझलेलं नाही. विझावं तरी कायले?

परवा दुपारी फुलचंद आला. सेवादासच्याच तांड्यातला, त्याला भिया म्हणजे भाऊ म्हणणारा, ट्रेलरवर ड्रायव्हर. मागं सिमेंट भरलेलं, अंधाराच्या आत वणी गाठायची होती.

"भिया, पाह्य जरा. ब्रेक दाबला का इंडिकेटर मिणमिणते. इंडिकेटर देलं का मांगचे सारे दिवे नाचते."

"अन् उभी असली का?"

"उभी असली का सारं बरोबर. कंपनीच्या गेटवाल्यानं पास केली."

"मंग गेटवाल्याले मांगं पयाले लाव!"

सेवादासनं आधी बल्ब काढून पाहिले. चांगले होते. मग त्यानं एक लांब वायर घेतली. एक टोक ट्रेलरच्या मागच्या दिव्याच्या पत्र्याला टेकवलं, दुसरं पुढं नेऊन घोड्याच्या बॅटरीच्या निगेटिव्हला. घोडा म्हणजे पुढचं इंजिनवालं धूड, जे ट्रेलर ओढतं. वायर टेकली तसे सगळे दिवे लख्ख.

"अर्थिंग नाई," सेवादास म्हणाला. "बल्बात गेलेली वीज वापस यायले रस्ताच नाई. जोडाच्या पिनेवर घोडा अन् ट्रेलर एकमेकाले टेकते, तेवढ्यावर चालून राह्यलं. तिथं ग्रीस. उभं असलं तं टेकते, हललं का सुटते. पन अर्थची वायर तं प्लगात असते. थे कुठं गेली?"

घोड्यातली वीज ट्रेलरला देणारा प्लग उघडला. अर्थच्या जागी एक निळी वायर होती. सेवादास तिच्यामागं सरपटत ट्रेलरखालून थेट मागं निघाला आणि उठून उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडासमोर चमचमत होतं : 'किसनराव कृपा'.

ट्रेलरचा मालक क्षितिज, त्याचे वडील किसनराव. कापसाच्या शेतीवर घर चालवलं, पोरानं त्यात ट्रेलरची भर घातली. वडील गेल्यावर पोरानं दसऱ्याच्या पूजेला सगळ्या ट्रेलरच्या पाठीवर त्यांचं नाव एलईडीत लावलं. दिवसाही पेटलं पाहिजे, म्हणून त्याला स्वतंत्र वायर. प्लगातल्या सगळ्या जागा भरलेल्या. मग मालकाच्या गाड्यांच्या यार्डातल्या कोण्या शहाण्यानं अर्थची जागा नावाला दिली. एलईडीला वीज लागते चिमूटभर, ते ग्रीसमधूनही पेटतं. बल्ब मरतात. म्हणजे रस्त्यावर काळोख आणि काळोखात बापाचं नाव!

सेवादासनं पकड उचलली.

"भिया, थांब ना!" फुलचंदनं हात धरला. "बापाचं नाव हाय त्याच्या. माही नोकरी खाशीन."

"नोकरी खाईन, मानूस तं नाई खानार." कट्. नाव विझलं. निळ्या वायरीच्या जागी त्यानं अर्थ जोडली, घोड्याच्या आणि ट्रेलरच्या चेसीला घासून बोल्ट कसले. कडुलिंबाला वळसा झाला. दिवे टिकले.

फुलचंदनं भिऊन स्वतःच मालकाला फोन केला. क्षितिज कारनं आला तेव्हा ऊन उतरत होतं.

"सेवादास, कोनाले विचारून तोडलं? बाबाचं नाव हाय थे!"

"तुमचे बाबा भले मानूस होते, क्षितिजभाऊ. त्याहीच्या नावाखाली काहून अंधार ठेवता? दुसरा प्लग लावा, नाव बी पेटन अन् दिवे बी."

"साऱ्या गाड्याले? दसऱ्याले पाहू. आज जोड."

"दसऱ्यापावतर लोकायनं मांगं चाचपडत चालावं का?" सेवादासचा आवाज फाटला. "मी जोडत नाई. हात तोडा माहे."

"मंग फुलचंद, तू जोड."

फुलचंदनं पकड घेतली. मागं गेला. लाल दिव्यासमोर उकिडवा बसला. मग तसाच उठून आला.

"जोडतो, मालक. पन मंग वनीपावतर तुमी मोटरसायकलवर माह्या मांगं या. अंधारातनं. भियाची मोटरसायकल उभी हाय, घ्या."

क्षितिजनं मोटरसायकलकडे पाहिलं. मग ट्रेलरच्या पाठीकडे. तोंड लाल झालं.

"आज जाऊ दे असंच," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "यार्डात पाहू."

कारमध्ये बसला आणि काच वर घेतली.

फुलचंद निघाला. वळणावर दोन लाल ठिपके दिसत राहिले, आणि सेवादास कंबरेवर हात ठेवून ते बघत राहिला. कोणाला वाटावं, आता तरी याचं डोकं शांत होईल.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागून दुसरा ट्रेलर धडधडत फाट्यावरून गेला. संधिप्रकाशात नाव चमचम करत होतं, 'किसनराव कृपा'. ब्रेक लागला. खाली काहीच पेटलं नाही.

सेवादासनं टपरीतली पकड ओढली, मोटरसायकलला किक मारली आणि हॉर्नवरचा अंगठा न उचलता त्या नावाच्या मागं सुटला.

"थांबव बे!" तो ओरडत होता. "थांबव!"