गल्लीच्या मधोमध

रस्ता बंद करायला निघालेल्या माणसाकडे किस्से फार लवकर साठतात. मी तर परदेशात शहरनियोजन शिकून आलेली, म्हणजे बघायलाच नको! तिकडे ऐकलं होतं, असल्या कामाला गाडीवाले कडाडून विरोध करतात. म्हणून लालबागला आत्याकडे राहायला आले ती भांडायच्या तयारीनेच. आणि इथे काय? अख्खी गल्ली माझ्या बाजूने! पाठिंबा एवढा, की काम पुढे सरकेना.

काम साधं होतं. मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला बाइकवाले आमच्या गल्लीतून सुसाट जातात. ते थांबवायचं आणि गल्ली चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना मोकळी करायची. माझं खरं कारण मात्र आत्या. रोज सकाळी भोईवाड्यातल्या देवळापर्यंत पायी जाणारी ही बाई, एका बाइकचा आरसा कोपराला लागल्यापासून बिल्डिंगची पायरी उतरत नाही. "देव काय गो, खिडकीतसून पण दिसता," म्हणते. आमच्या खिडकीतून दिसते ती समोरच्या सलूनची पाटी.

ट्रॅफिकच्या साहेबांनी महिनाभर प्रयोगाला परवानगी दिली. गल्लीच्या तोंडाशी पिंपं ठेवायची. "महिना संपला की मी स्वतः बघायला येईन," ते म्हणाले. "गाड्या तशाच घुसत असतील तर पिंपं उचला."

*

पहिली मीटिंग. बिल्डिंगचे सेक्रेटरी किशोरकाका, बँकेतून रिटायर झालेले. टेबलावर हात आपटून म्हणाले, "गाड्या बंद म्हणजे बंद!"

टाळ्या पडल्या.

"फक्त माझी स्कूटर धरू नका. मी हळू चालवतो."

मग एकेक जण उठून हेच म्हणाला. आमच्या गल्लीत सगळेच हळू चालवतात! आत्याला आरसा लागला तो बहुधा उभ्या बाइकचा असणार.

*

पिंपं मी स्वतः रंगवली, त्यांत झाडं लावली. गणपती मंडळाच्या बंड्याने ती उचलून गल्लीच्या तोंडाशी मांडली. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळी गायब. शोधत आत गेले. प्रत्येक पिंप कोणाच्या ना कोणाच्या दारासमोर, पार्किंगची जागा धरून उभं!

"किशोरकाका, हे काय?"

"अगं, फार छान केलीस हो! पूर्वी वीट ठेवायचो, ती लोक उचलायचे. झाडाला कोणी हात लावत नाही."

*

मी दादरला ऑफिसला सायकलने जायला लागले. हेल्मेटबिल्मेट घालून. गल्लीत चौकशा सुरू. "नोकरी गेली का गं?" "एवढ्या लहान वयात शुगर?" एक मावशी आत्याच्या कानाशी लागली, "एवढी लांब शिकायला पाठवली, नि सायकल घेऊन परत आली!"

आत्या म्हणाली, "जावय आणण्यापरास बरा. सायकलीक जेवण तरी लागणा नाय."

*

मला एक गोष्ट सतावत होती. बंड्याला विचारलं, "गणपतीत हीच गल्ली बंद असते. तेव्हा कोणी का बोलत नाही?"

"ताई, तो मंडप असतो."

"रस्ता तोच ना?"

"तोच."

"बाइकवालेही तेच?"

"तेच. निम्मे आमचे मेंबर."

"मग?"

बंड्याने कीव आल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "मंडप तो मंडप, ताई. तुमच्या पिंपाला काय हात जोडायचे?"

मी बरेच दिवस या उत्तराभोवती फिरत होते. आत काही शिरता येईना!

*

महिना संपला. साहेब येणार त्या सकाळी मी खाली उतरले, तर गल्लीच्या मधोमध लालभडक! आत्याच्या जुन्या साड्या अंथरलेल्या आणि त्यांवर मिरच्या. गच्चीला वॉटरप्रूफिंगसाठी कुलूप, मसाल्याच्या मिरच्यांना तर ऊन हवं. आमच्या गल्लीत ऊन पडतं ते फक्त मधोमध. शेजारणींनी मिरच्या पसरून दिल्या होत्या आणि आत्या पायरीवर खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन राखणीला बसली होती.

"आत्या! आज साहेब येणार, आणि रस्त्यावर वाळवण?"

"मग खंय घालू? तुझ्या डोक्यार?"

एवढ्यात पहिली बाइक आली. सुसाट. कचकन ब्रेक! पोराने मिरच्यांकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, इंजिन बंद केलं आणि बाइक वळवून निघून गेला. मग दुसरी, मग तिसरी. एकाने जाता जाता अदबीने विचारलं, "मावशी, बेडगी काय?" एक टेंपो आला तसा रिव्हर्समध्ये बाहेर गेला. हॉर्न नाही, शिवी नाही. आमचे किशोरकाका स्कूटर बंद करून, भिंतीला घासत, शिंकत शिंकत ढकलत गेले!

मग साहेब. तेही बाइकवरच. पुढचं चाक साडीच्या काठाशी थांबलं.

"आजी, बाइक इथून काढू का?"

"मेल्या, वर्साचो मसालो आसा तो!"

साहेब मुकाट्याने उतरले. चालत अख्खी गल्ली बघून आले. दोनदा शिंकले. "एकही गाडी जात नाही. छान. चालू ठेवा," म्हणाले आणि बाइक ढकलत गेले. मिरच्यांबद्दल अवाक्षर नाही! बंड्याने माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली.

संध्याकाळी मिरच्या गोळा करताना आत्या म्हणाली, "उद्याचा एक ऊन दिला, की झाला."

म्हणजे परवापासून गल्ली पुन्हा बाइकवाल्यांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, पळवलेल्या पिंपांच्या जागी मागवलेल्या नव्या पिंपांची ऑर्डर रद्द केली आणि मोठी पिशवी उचलली.

"आत्या, आणखी मिरच्या आणायला चाललेय. कुठल्या आणू?"

"तुका मिरची कळता?" आत्या चपला शोधायला लागली. "थांब, मी येतंय."

खाली आल्यावर तिने काठी किशोरकाकांच्या हातात दिली, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पायरी उतरली.

आम्ही दोघी मिरच्यांच्या कडेकडेने बाजाराकडे निघालो. मागून किशोरकाका कोणावर तरी ओरडत होते, "ए! दिसत नाही का? वाळवण आहे!"