सहाव्या दिवसाचा नैवेद्य

देवासला आमच्या मंडळाच्या गणपतीचा नैवेद्य दहा दिवस दहा घरांतून येत असे. आरतीनंतर तो प्रसादाच्या परातीत मिसळायचा आणि सगळ्यांना वाटायचा, अशी रीत होती. कोणत्या दिवशी कोणाचे घर, याची यादी मांडवाच्या खांबाला लावत. आणीबाणी उठली त्या वर्षी ती लिहायचे काम माझ्याकडे आले. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आमच्या घरातली पहिलीच. अक्षर बरे होते, एवढेच कारण असावे.

आमचे पणजोबा दरबाराबरोबर दक्षिणेतून आले, ते पागेत घोडे सांभाळायला. आई दर वर्षी दहाही दिवस मांडवात राबे. सतरंज्या झटके, भंडाऱ्याची भांडी घाशी. नैवेद्याची पाळी मात्र आमच्याकडे कधी आली नव्हती. तसा नियम नव्हता, निदान मला कोणी सांगितला नव्हता. सहाव्या दिवसाचे कुटुंब बदलीवर भोपाळला गेले होते. त्या रिकाम्या ओळीत मी आमचे घर लिहिले.

सेक्रेटरी काकांनी यादी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "ठीक आहे. लावून दे."

मला वाटले, झाले. इतके सोपे होते तर आजवर कोणी केले का नाही, हा प्रश्न मला पडला नाही.

आईने दोन दिवस आधीच खोबरे किसले. आमच्याकडे मोदक तळणीचे. त्या दिवशी पहाटे न्हाऊन ती ओल्या लुगड्याने चुलीपुढे बसली आणि आम्हा कोणाला जवळ येऊ दिले नाही.

"देवाला एकवीस पुरतात," मी दारातून म्हणाले.

"आणि माणसांना? सव्वाशे करते. कमी पडले तर नाव माझंच जाईल ना."

वडील बाहेरून म्हणाले, "माझ्यासाठी इतकी कधी न्हाली नाहीस."

"तुम्ही कुठे देव लागून गेलात," आई म्हणाली. ती हसत होती.

संध्याकाळी नैवेद्य दाखवला, आरती झाली. मी मोदकांचा डबा उचलून परातीकडे निघाले, तेवढ्यात महिला विभाग सांभाळणाऱ्या काकूंनी मला पडद्यामागे घेतले. पहिल्या दिवसाचा नैवेद्य नेहमी त्यांच्या घरचा असे.

"हा डबा इथेच राहू दे. पेढे आणवलेत, ते वाट."

"पण काकू, सव्वाशे आहेत."

"देवाला पोचले ना, बाळ? मग झालं तर. एकेकाचे नेम असतात. तुमच्या हातचं काही घरांना चालत नाही, हे तुला का मी सांगायचं? कुणी हात मागे घेतला तर तुझ्या आईलाच लागेल. तिच्यासाठीच म्हणते मी."

बाहेरून सेक्रेटरी काकांचा आवाज आला, "अरे भिया, प्रसाद निकलवाओ, पोरं उतावळी झालीत."

पेढ्यांचे पाच पुडे होते. इतके पेढे आयत्या वेळी मिळत नाहीत, हलवायाला आधी सांगून ठेवावे लागते. म्हणजे यादी खांबाला लागली तेव्हाच हे ठरले असणार. मी डबा खाली ठेवला आणि पहिला पुडा सोडला. बोलता आले असते असे आज वाटते, पण तेव्हा जीभ उचलली नाही हेच खरे.

मी ओळीने पेढे वाटत गेले. बायकांच्या मागच्या रांगेत आई बसली होती. तिने ओंजळ पुढे केली, पेढा पाहिला आणि माझ्याकडे पाहिले.

"मोदक?"

"संपले," मी म्हणाले. "पुढच्या रांगांतच संपले."

आईचा चेहरा असा फुलला की मला तिथे उभे राहवेना. शेजारच्या बाईला ती म्हणाली, "सव्वाशे होते हो. संपले म्हणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडायच्या निमित्ताने मी लवकर गेले आणि मोदक चौकातल्या गाईंपुढे ओतले. गाईंनीही सगळे खाल्ले नाहीत. उरलेले पायाने मातीत लोटले, नळावर डबा घासला आणि घरी आणला. आईने तो उघडून पाहिला, कडेला काही चिकटले नव्हते, म्हणून पुन्हा हसली.

विसर्जनाच्या दिवशी काकू मांडवात भेटल्या. आई पदर सावरून त्यांच्याजवळ गेली. मी तिला थांबवायला पुढे झाले, पण उशीर झाला.

"काकूसाहेब, मोदक कमी पडले म्हणे. माझंच चुकलं. पुढच्या वर्षी दोनशे करीन."

काकूंनी माझ्याकडे पाहिले. एका शब्दात त्या मला उघडे पाडू शकत होत्या.

"कमीच पडले हो," त्या म्हणाल्या. "मला स्वतःला मिळाला नाही."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. इतकी कृतज्ञता मला माझ्या आईबद्दलही कधी वाटली नव्हती.