हुरियेच्या धोट्याचा आवाज

आमच्या गावात मुलगे मनातलं बोलत नाहीत, कोरतात. चमचे कोरणाऱ्यांचंच गाव हे. ज्याला एखादी मुलगी आवडली तो शिमशिराच्या पिवळ्या, हाडासारख्या टणक लाकडाचा बोटभर धोटा कोरतो आणि कुणाच्या तरी हाती तिच्या घरी पाठवतो. मुलीने तो बाजूला ठेवला तर गोष्ट तिथेच संपली. त्यावर दोरा गुंडाळून तिने डोईच्या रुमालाला झालर विणायला घेतली, की मुलाची आई मिठाई घेऊन निघालीच म्हणून समजावं.

हुरियेला असा धोटा रिफ्कीने पाठवला होता. होडीच्या आकाराची दोन पानं, मध्ये खुंटी, आणि टोकं एकमेकांना अशी टेकलेली की दोरा सुटताना दर वेळी टक वाजायचं. त्या टकटकीवर तिचा सगळा संसार झाला. लेकींचे रुमाल झाले, सुनांचे झाले, हाताच्या ओलाव्याने धोटा मधाच्या रंगाचा झाला. आता नात गोंजाचं लग्न ठरलं होतं, आणि तिच्या होणाऱ्या सासूला द्यायच्या रुमालाची झालर अर्ध्यावर होती. शुक्रवारी रुखवत मांडायचं. गावातल्या बायका चष्मे लावून झालरी उलट्या करकरून बघणार.

आणि नेमका आता धोटा मुका झाला. टोकं झिजून त्यांच्यात फट पडली. दोरा आपसूक सुटायचा, धोटा मांडीवरून घसरत जमिनीवर, आणि मांजर त्याच्या मागे.

रिफ्कीला सांगावं तर पंचाईत. त्याच्या डोळ्यांवर धुकं उतरलं होतं. त्याने हत्यारं तेलाच्या फडक्यात बांधून शेडमध्ये ठेवली होती, आणि ह्या घरात त्यांचं नाव काढायचं नाही असं बजावलं होतं. धोटा गेला म्हणणं म्हणजे नवा कर म्हणणं, आणि ते त्याला जमलं नाही तर? हुरियेने टोकांना मेण लावून पाहिलं, दोरा तेवढा मळला. मग ती शालीखाली रुमाल घेऊन शेजारच्या पेम्बेकडे गेली.

"घे की माझा, आब्ला," पेम्बे म्हणाली; हुरियेला ती थोरली बहीण मानून आब्लाच म्हणायची. "माझा वेसेल गेल्यापासून मी हात लावलेला नाही. पण रिफ्कीदादांना कळू देऊ नकोस. म्हातारपणी तुमचा काडीमोड व्हायचा आणि बोल मला लागायचा."

"त्यांना दिसतंय कुठे?"

वेसेल म्हणजे पेम्बेचा नवरा आणि रिफ्कीचा जन्माचा स्पर्धक; पेम्बेचा धोटा त्याच्याच हातचा. बाजारात दोघांची पथारी समोरासमोर असायची.

संध्याकाळी रिफ्की चहाचा पेला घेऊन अंगणातल्या बाकावर बसला. हुरिये विणत होती.

"हुरिये, वेसेल आलाय का घरात?"

"काहीतरीच. वेसेल अल्लाच्या घरी गेला, विसरलात का?"

"मग त्याचा धोटा इथे काय करतोय?"

हुरियेचा हात थांबला.

"अगं, जन्मभर त्याच्यासमोर बसलो मी. त्याची टोकं नेहमी उशिरा मिटायची. त्याच्या चमच्यातूनसुद्धा सूप गळायचं. आणि तू माझ्या अंगणात, माझ्या चहाच्या वेळेला, त्याचा धोटा वाजवतेस."

तिला हसू आवरेना. मग तिने खिशातून जुना धोटा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने अंगठ्याने एक टोक चाचपलं, मग दुसरं. बराच वेळ चाचपलं.

"केव्हा मेला हा?"

"झाले आठ दिवस."

"आणि मला बोलली नाहीस."

"हत्यारांचं नाव काढायचं नाही म्हणाला होतात."

"हत्यारांचं म्हणालो होतो. धोट्याचं नाही." तो उठला आणि भिंतीला हात लावत शेडकडे गेला.

दुसऱ्या दिवशी हुरियेचे कान शेडकडे लागलेले. करवत थांबली की तीही हातातलं काम थांबवायची. दुपारी तो बाहेर आला तो अंगठ्याला चिंधी बांधून. जेवताना एवढंच म्हणाला, "दोन मोडले." पुन्हा आत. तिने त्याच्या ताटात जास्तीचा पिलाफ वाढला होता, तो तसाच राहिला.

त्या दिवशी ती विणायला बसलीच नाही. वेसेलचा धोटा हातात घ्यायला मन होईना, आणि रुमाल तसाच अर्धा.

शुक्रवार उद्यावर आला तेव्हा दार वाजलं. पेम्बे होती, ओठ दाबून हसू धरलेली, हातात रुमालाची पुरचुंडी.

"आब्ला, एका मुलाने पाठवलंय. घराणं चांगलं आहे म्हणतात. मुलगा जरा जून आहे."

पुरचुंडीत धोटा होता. एक पान दुसऱ्यापेक्षा जाड, पोटावर सुरीचा ओरखडा. अंगणात रिफ्की पाठ करून बाकावर बसला होता, हातात चहा, पेला ओठाला लावलेला आणि पीत मात्र नव्हता.

हुरियेने टोकांमधून दोरा ओढून पाहिला.

"घट्ट आहे जरा," ती मोठ्याने म्हणाली.

"तूही तशीच होतीस," तो मागे न वळता म्हणाला.

"विचार करावा लागेल."

"कर की. मला कुठे जायचंय?"

तिने सावकाश दोरा गुंडाळला. पेला तसाच हवेत. सावकाश रुमाल उलगडला, जिथे झालर अडली होती तो फास शोधला, आणि पहिली गाठ ओढली.

टक.

रिफ्कीने चहाचा घोट घेतला.

"थंड झालाय हा," तो म्हणाला. "दुसरा दे."