कुमुदताईंची गोगलगाय

कुमुदताईंच्या लग्नात त्यांच्या थोरल्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, भर मांडवात म्हटलं होतं, "मुलगी बरी आहे हो, पण चालते बदकासारखी." त्यानंतर बरंच काही घडून गेलं. नवरा वसंतराव दुबईत आले, रास अल खोरला लोणच्या-पापडांचं गोदाम झालं, अस्मी जन्मली, शिकली, नोकरीलाही लागली. पण ते बदक कुमुदताईंच्या मनात अजून ताजं होतं. लोणचं आणि राग घाईने बाटलीत भरू नये, असं त्यांचं मत होतं. लोणच्यापुरतं ते गिऱ्हाइकांनाही पटलेलं होतं.

अशा बाईला नाच शिकवला तो लोवेनाने. सिलिकॉन ओएसिसमध्ये त्यांच्याच इमारतीत राहणारी ही निवृत्त शिक्षिका मूळची कॉर्नवॉलची. कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं समुद्रात घुसलेलं खालचं टोक, पण तिथल्या लोकांना स्वतःला इंग्लिश म्हणवलेलं खपत नाही. पहिल्याच भेटीत कुमुदताई तिला "यू इंग्लिश पीपल" असं काहीतरी म्हणाल्या. लोवेनाने हसून विषय बदलला आणि पुढचा आठवडाभर लिफ्टमध्ये ओळख दाखवली नाही. कुमुदताईंना ती तेव्हाच आवडली.

इमारतीच्या हॉलमध्ये लोवेना दर शुक्रवारी तिच्या गावाकडचे नाच शिकवायची. लाकडी फळीवर टाचा-चवडे आपटून ताल धरायचा एक प्रकार होता, तो कुमुदताईंनी कोल्हापुरी चपला घालून केला आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आली. झाडू पायांखालून इकडून तिकडे फिरवत नाचायचा दुसरा प्रकार होता. तो वसंतरावांनी दारातून पाहिला आणि ते गाडी काढायला गेले. पण कुमुदताईंचा जीव जडला तो गोगलगायीच्या नाचावर. सगळ्यांनी जोड्याजोड्यांनी रांग धरायची. पुढची जोडी हातात पाल्याच्या डहाळ्या उंच धरते, ती गोगलगायीची शिंगं. तीन पावलं, एक हलकी उडी, असं करत ही शिंगं रांगेला गोल गोल आत नेतात, शंखाच्या वेटोळ्यासारखी. अगदी मध्यावर पोचलं की वळायचं आणि वेटोळ्यांमधल्या मोकळ्या वाटेने बाहेर यायचं.

"आत जाताना परतीची वाट सोडत जायचं," लोवेना सांगायची. "नाहीतर शंख बंद होतो."

वाट चुकून बंद झालीच तर एक उपाय होता. शिंगं खाली करायची, मग जोड्या हात वर करून कमानी करतात आणि आतले वाकून बाहेर निघतात. हा उपाय दर खेपेला शेवटच्या दोन वर्गांत शिकवला जायचा. कुमुदताईंच्या चालीत जन्मजात झोका आहे, तो शिकवून येत नाही, असंही लोवेना म्हणाली. हे वाक्य कुमुदताईंनी सांगलीला फोन करून वन्संच्या सुनेला ऐकवलं.

लोवेना मायदेशी परतली आणि वर्ग कुमुदताईंच्या हाती सोपवून गेली. इथे सुरुची येते.

सुरुची दुबई मरीनाला राहायची, समारंभ भरवण्याचा धंदा करायची आणि मराठी मित्रमंडळाची सांस्कृतिक सचिव होती. कुमुदताईंच्या दिवाणखान्यात बसून तिने थालीपीठं खाल्ली, पावलं शिकली, "ताई, तुम्ही म्हणजे ना" असं अर्ध्यावर सोडलेलं कौतुक केलं. शेवटच्या दोन वर्गांना ती आली नाही. तिला तोवर सगळं येत होतं. मग मंडळाच्या स्नेहसंमेलनाचं पोस्टर ग्रुपवर आलं. 'शंखनृत्य. संकल्पना व नृत्यदिग्दर्शन: सुरुची.' तळाशी प्रायोजकांच्याही खाली बारीक अक्षरात, 'अल्पोपाहार: कुमुदकाकू.'

कुमुदताईंनी फोन केला.

"अगं, नाचात मी कुठे आहे?"

"काकू, तुम्ही आहात ना, मागच्या रांगेत. फ्रंटला जरा एनर्जी लागते. आणि बटाटेवडे तुमच्यासारखे कुणाला जमतात?"

सुरुची त्यांच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान असेल. ताईची काकू कधी झाली, हे कुमुदताईंना कळलं नाही. त्या म्हणाल्या, "बरं. चटणी हिरवी करू की लाल?"

अस्मीला आईचा हा आवाज ठाऊक होता. "आई, जस्ट टेल हर यू आर हर्ट. लाइक अ नॉर्मल पर्सन."

"मी कुठे दुखावले आहे? मी चटणीचं विचारलं."

संधी सुरुचीने स्वतःच ताटात वाढून आणली. आपल्या मंडळांत कुठलाही कार्यक्रम शाल-श्रीफळाशिवाय पुरा होत नाही. सुरुचीला सुचलं की बांधकाम व्यावसायिक सत्यजितरावांचा सत्कार नाचाच्या ऐन मध्यावरच करावा. शंखाच्या पोटात गुबगुबीत खुर्ची, खुर्चीत सत्यजितराव, बाजूला शाल, नारळ आणि सुरुची. भोवती सगळं मंडळ फिरतं आहे आणि वर गॅलरीतून व्हिडिओ.

पण शिंगं वळायची ती नेमकी मध्यावर. तिथे खुर्ची ठेवली की वळायला जागाच नाही. लोवेनाच्या गावी ही चूक कुणाच्या स्वप्नातही आली नसती, कारण तिथे नाचात कुणी कुणाचा सत्कार करत नाही.

सुरुचीचा फोन आला. "काकू, मी मध्ये असणार, तर पुढे कुणीतरी अनुभवी हवं. तुम्ही धराल डहाळ्या?"

"धरीन की. कल्पना छान आहे तुझी," कुमुदताई म्हणाल्या. "प्रेक्षकांनाही घे रांगेत. वरून शंख भरगच्च दिसेल."

"वॉव, काकू."

संमेलनाच्या दिवशी त्यांनी घाऊक बाजारातून कढीपत्त्याच्या दोन मोठ्या डहाळ्या आणल्या. एक शेजारच्या स्मिताच्या हाती दिली. स्मिता वर्गाची जुनी सोबतीण, प्रश्न न विचारणारी. मग त्या ध्वनियंत्रणेवर बसलेल्या नोमानकडे गेल्या. "जब तक मेरी डाली ऊपर है, म्यूझिक बंद नहीं करना, बेटा. कोई भी बोले."

"इन्शाल्ला, बाजी," नोमान म्हणाला. उर्दूतली बाजी म्हणजे ताईच. त्याने दोन वडे आधीच खाल्ले होते.

नाच सुरू झाला. तीन पावलं, उडी. पहिलं वेटोळं ऐसपैस होतं, लोक टाळ्या वाजवत सामील झाले. दुसऱ्याला कुमुदताईंनी वाट थोडी कमी सोडली. तिसऱ्याला सोडलीच नाही. मागून पैठण्या, जॅकेटं, आजोबा, लहान मुलं, सगळे उत्साहाने ढकलत होते. आपण कशात सामील आहोत हे कुणालाच माहीत नव्हतं. मध्ये सुरुचीने सत्यजितरावांना शाल पांघरवली, नारळ दिला, कानाशी लावलेल्या माइकवरून चार वाक्यं बोलली आणि निघायला वळली. समोर कढीपत्ता होता. त्यामागे कुमुदताई.

या बेतात एक खोट होती. शंख बंद करणारा माणूस शंखाच्या सगळ्यात आत असतो. कुमुदताईंचं नाक आता सुरुचीच्या नथीला जवळजवळ टेकलं होतं आणि सत्यजितरावांच्या हातातला नारळ दोघींच्या मध्ये रुतला होता.

"काकू, टर्न करा," सुरुची पुटपुटली. माइकमुळे ते साऱ्या हॉलने ऐकलं.

"कुठे?"

"आता बाहेर कसं पडायचं?"

"मला काय विचारतेस? दिग्दर्शिकेला विचार."

हॉलमध्ये हसू फुटलं. लोकांच्या पायांना ताल सापडला होता, ते जागच्या जागी उडत होते आणि प्रत्येक उडीला शंख इंचभर आवळत होता. खुर्चीतून सत्यजितरावांनी सौम्यपणे विचारलं, "हे कार्यक्रमपत्रिकेत आहे का?"

"नोमान, म्यूझिक बंद करो," सुरुची म्हणाली. नोमानने डहाळीकडे पाहिलं. डहाळी वर होती. त्याने आवाज थोडा वाढवला.

कुमुदताईंचा दंड भरून आला होता. पण बदक म्हटल्यापासून आजवरची सगळी ताकद त्या दंडात जमा होती.

"ताई," सुरुची शेवटी म्हणाली.

मुळात त्यांनी ठरवलं होतं की 'ताई' ऐकलं की सोडायचं. ऐकलं. मग वाटलं, अजून थोडं ऐकावं.

"ताई, प्लीज. हा नाच तुम्हीच शिकवलाय. सगळा. मला नाही येत." एवढं माइकवर गेलं. मागून कुणा आजीने, "मग पोस्टरवर काय छापलं होतं?" असं विचारलं, तेही गेलं.

कुमुदताईंनी शिंगं हलवत आणखी एक फेरी मारली. फेरीला जागा नव्हती, तरी मारली. मग डहाळी खाली केली. नोमानने संगीत थांबवलं, वर्गातल्या जुन्या जोड्यांनी हात वर करून कमानी केल्या, इतरांनी बघून बघून केल्या. सत्यजितराव बसक्या अंगाचे, सहज निघाले. सुरुची उंच. तिला नऊवारी सावरत प्रत्येक जोडीखालून वाकून जावं लागलं. कुमुदताई तिच्या मागोमाग, झोका घेत चालल्या होत्या.

वडे गार झाले होते. सुरुचीने एकही घेतला नाही. लोवेनाला व्हिडिओ गेला आणि तिचं उत्तर आलं: वाट सोडली नाहीस. खाली तिने हसरा चेहरा जोडला होता.

परतताना गाडीत वसंतराव म्हणाले, "आता तरी खलास? झालं समाधान?"

"मॉम, दॅट वॉज ब्रूटल," मागून अस्मी म्हणाली.

कुमुदताईंनी मांडीवरच्या डहाळ्या नीट ओल्या फडक्यात गुंडाळल्या. पाला अजून हिरवागार होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "डिसेंबरात वन्सं यायच्या आहेत ना? त्यांना नाचात घेऊ या म्हणते."