भुंग्याची जांभई

नवं कुत्रं भेटलं की नागूबाई त्याच्याकडं बघायचीच नाही. चार हात लांब तिरपी बसायची, बटव्यातली सुपारी काढून अडकित्त्यानं कातरत राहायची. बाकीचं जग कुत्र्याला चुचकारतं, डोक्यावर थापट्या मारतं, डोळ्यांत डोळे घालून लाडानं बोलतं आणि मग चावलं म्हणून बोंबलतं. नागूबाईच्या लुगड्याचा वास घ्यायला मात्र कुत्रं आपणहून यायचं. अणदुरात कुणाचं कुत्रं बिथरलं की बोलावणं तिलाच. "लिहितावाचता येत न्हाय मला," ती म्हणायची, "पर कुत्र्याचं अंग वाचता येतंय."

हे वाचन ती मेंढरांमागं शिकली. चाळीस वर्षं तिनं नवऱ्याबरोबर, रेवणप्पाबरोबर, वाडा हाकला. मेंढक्यांचा वाडा म्हणजे घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड. सुगी झाली की निघायचं, ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्याच्याशी बोलणं करायचं, सांज झाली की भोवतीनं वाघर, म्हणजे जाळी, लावायची. वाघरीच्या चार कोपऱ्यांना चार कुत्री. त्या दिवसांबद्दल बोलताना म्हातारीचा आवाजच बदलायचा. तीन दगडांची चूल, लोकरीचा वास, पहाटे रेवणप्पानं घातलेली शीळ, आणि दव पडून गार झालेल्या घोंगडीवर पाठीला पाठ लावून निजलेलं कुत्रं. त्या उबेइतकं सुख पुढं स्लॅबच्या घरात, मऊ गादीवरही तिला मिळालं नाही, आणि ते ती सुनेसमोर खुशाल बोलून दाखवायची.

एक गोष्ट मात्र ती सहसा सांगायची नाही. जळकोटकडं एका रानात ते उतरले होते. रानाचा मालक दर पहाटे मेंढरं बघायला यायचा आणि नागूबाईचा सर्जा नावाचा कुत्रा त्याच्यावर गुरगुरायचा. मालकाचं तोंड वाकडं होई. बसकण, म्हणजे रानात मेंढरं बसवायचा ठराव, हातची जाईल या भीतीनं नागूबाई सर्जाला काठी हाणायची. आठ दिवसांत सर्जा गुरगुरायचा थांबला. लई शहाणा झाला म्हणून तिनं रेवणप्पाला कौतुकानं सांगितलंसुद्धा. नवव्या दिवशी मालकाच्या भावानं सर्जाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सर्जानं हू की चू न करता त्याचा पंजा फोडला. लोकांनी सर्जाला जागेवरच मारलं. "त्यो सांगत हुता," एवढंच नागूबाई म्हणायची, "म्या त्याचं तोंड बंद केलं."

रेवणप्पा गेला. मुलगा शिवशंकर तुळजापूरला एका शाळेत क्लार्क झाला. मेंढरं नागूबाईच्या धाकट्या भावानं, बिराप्पानं नेली. तो भुंग्यालाही मागत होता. भुंग्या त्याच कळपात वाढलेला, अंगानं काळा आणि भुवयांवर दोन पिवळे ठिपके असलेला. नागूबाईनं ऐकलं नाही. "समदं घेऊन चाललास, एवढा एक ऱ्हाऊ दे माझ्यापाशी." बिराप्पा नुसती मेंढरं घेऊन गेला. थोरल्या बहिणीपुढं त्याचं काही चालायचं नाही.

तेव्हापासून दोन वर्षं भुंग्या शिवशंकरनं अणदुरात हायवेकडं बांधलेल्या नव्या घराच्या अंगणात साखळीला होता. साखळी पुरेल तेवढ्या जागेत फिरून फिरून त्यानं मातीत अर्धगोल चर पाडला होता. पुढचा पाय चाटून चाटून लाल केला होता. गोचीड असेल म्हणून नागूबाई रोज हळद-तेल लावायची. दुसऱ्याच्या कुत्र्याचं कुठं दुखतं ते लांबून ओळखणारी बाई, आणि घरच्या कुत्र्याला हळद लावत बसली होती.

चंपाषष्ठीच्या चार दिवस आधी सहा वर्षांच्या शिवप्रियानं, तिच्या नातीनं, भुंग्याच्या गळ्याला मिठी मारली आणि तो गुरगुरला. सून दीपाली धावत बाहेर आली. ती वाईट नव्हती, पण पोटच्या पोरीपुढं कुत्र्याचे दात बघून कुठली आई गप्प राहील?

"आत्या, आता ह्यो परत गुरगुरला तर मी ठेवणार न्हाय. जळकोटचा कोंबडीवाला राखणीला कुत्रं मागतोय, त्याला देऊन टाकू."

कोंबड्यांच्या शेडला बांधलेली कुत्री नागूबाईनं पाहिली होती. त्यांची साखळी ती मेल्यावरच सुटते. तिनं सुनेशी वाद घातला नाही. नातीला मात्र ओट्यावर घेऊन बसली.

"गुरगुरला म्हंजी त्यो बोलला. त्याच्या आधी बी बोलला आसंल, तुज्या ध्यानात आलं न्हाय. त्यानं तोंड फिरवलं हुतं का?"

"व्हय. आन् जांभई दिली. मला वाटलं झोप आली त्याला."

"झोपंची न्हाय ती. जीव घाबरा झाला की कुत्रं जांभई देतंय. कोरड्या नाकावरनं जीभ फिरवतंय. डोळ्याचं पांढरं दिसाया लागतंय. आसं दिसलं की आपुन काय करायचं?"

"पळायचं?"

"पळायचं न्हाय. त्याला काय झालं म्हून इचारायचं न्हाय, धरायचं न्हाय. बाजूला बसायचं, तिरपं, आन् दुसरीकडं बघायचं."

चंपाषष्ठीला घर पाहुण्यांनी भरलं. तळी उचलली, भंडारा उधळला, येळकोटाच्या गजरात भिंतीसुद्धा पिवळ्या झाल्या. आता खंडोबाच्या कुत्र्याला नैवेद्य दाखवायचा. त्यानं तोंड लावल्याशिवाय माणसांनी घास घ्यायचा नाही, ही घरची रीत. शिवशंकर भरीत-रोडग्याचं ताट घेऊन अंगणात आला आणि त्याच्यामागं सगळी वऱ्हाडासारखी माणसं. कुणी भुंग्याच्या कपाळाला भंडारा फासला, कुणी वाकून मोबाइल त्याच्या तोंडापुढं धरला.

भुंग्यानं ताटाकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं तोंड फिरवलं, एक पाय उचलून धरला आणि लांबलचक जांभई दिली.

"जेवायच्या आधीच झोप आली बघा ह्याला," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मग हसू विरलं. एका म्हातारीनं हळूच पुडी सोडली, की देवाला नैवेद्य पोचला नाही, घरात काहीतरी चुकलंय. शिवशंकर बिचारा घामाघूम झाला. त्यानं भुंग्याची मान धरून तोंड ताटात दाबलं.

भुंग्या गुरगुरला. छातीतून, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

दीपालीनं सासूकडं पाहिलं. कोंबडीवाल्याचं नाव घ्यायचीही गरज नव्हती. नागूबाईला इतक्या वर्षांनी सर्जाला काठी हाणलेला आपला हात नेमका आठवला.

"सोड त्याला, शंकर," ती म्हणाली. "बोलला त्यो. आता आपुन ऐकायचं. समदी आत जावा. देव रागावला न्हाय, तुमी कुत्र्याला घेरलंय. घेरल्यावर तुमच्या तरी घशाखाली घास उतरंल का?"

घरच्या म्हातारीनं असं झापल्यावर माणसं कुरकुरत आत गेली. नागूबाईनं भुंग्याची साखळी सोडली, ताट ओट्याच्या पायरीशी ठेवलं आणि तिरपी बसून सुपारी काढली. शिवप्रिया तिच्या पलीकडं तशीच बसली. दीपाली दारात उभी राहिली.

भुंग्या ताटापाशी गेला नाही. ओट्याच्या कोपऱ्यात बिराप्पानं आल्या आल्या काढून ठेवलेली घोंगडी पडली होती. त्याचा कळप गावाबाहेरच्या रानात बसला होता, तिथून तो पूजेला आला होता. भुंग्यानं घोंगडीत नाक खुपसलं. किती वेळ तो वास ओढत होता कोण जाणे. मग त्यानं नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं, भंडारा उडाला, कान खाली पडले, तोंड सैल उघडलं, आणि नुसती शेपटी नाही तर कंबरच हलायला लागली. मग वळून तो ताटापाशी आला आणि बकाबका जेवला.

"खाल्लं त्यानं," दीपाली म्हणाली. तिचा स्वर निवळला होता. "आत्या, माझं चुकलं. ऱ्हाऊ द्या त्याला. पोरगीला तुमी शिकवलंयच."

नागूबाईला हेच हवं होतं. पण तिचं लक्ष सुनेकडं नव्हतं. हे असं सैल अंग तिनं या अंगणात दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिलं नाही हेही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मातीतला तो चर, तो चाटलेला पाय. तो रोज बोलत होता. तिला ऐकायचं नव्हतं, कारण भुंग्या गेला की वाघर, चूल, शीळ, सगळंच गेलं असतं. सर्जाला तिनं काठीनं गप्प केलं होतं. याला हळद लावून.

"बिरा," तिनं आत हाक मारली, "जेवण झालं की भुंग्याला घेऊन जा."

सांज होताना ती आणि शिवप्रिया बिराप्पाबरोबर रानापर्यंत गेल्या. मेंढरं दिसली तसा भुंग्या सुटला. कळपाभोवती एक मोठा फेरा मारला, दोन म्हाताऱ्या मेंढ्यांची तोंडं हुंगली आणि वाघरीच्या कोपऱ्यात, त्याच्या जुन्या जागी, कुशीवर आडवा झाला. चारी पाय पसरून. घरी तो कायम पंजांवर हनुवटी टेकून, दाराकडं डोळे लावून निजायचा.

"आक्का, वाईट वाटतंय व्हय?" बिराप्पानं विचारलं.

"मला काय व्हतंय," नागूबाई म्हणाली.

परतताना वाटेतल्या बांधावर ती टेकली. रिकामी साखळी पदरात गुंडाळलेली होती. तिनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली, कळपाच्या बाजूनं तोंड फिरवलं, आणि तिला मोठी जांभई आली.

शिवप्रिया काहीतरी विचारणार होती. पण तिनं आज्जीचं तोंड बघितलं. मग थोडी बाजूला सरकून तिरपी बसली आणि दुसरीकडं बघत राहिली.

बऱ्याच वेळानं नागूबाईचा हात आपणहून नातीच्या पाठीवर आला.