पऱ्हाटीवर चालणारी जीप

मला पाहायला पाहुणे जीपने येणार होते. त्या काळी घरची जीप म्हणजे स्थळ वजनदार, म्हणून आईने पोह्यांत शेंगदाणे सढळ हाताने घातले. मुलगा पांढुर्ण्याच्या एका शाळेत वर्कशॉप शिकवतो, एवढंच आमच्या बोरगावात कळलं होतं.

जीप आली ती धूर सोडत. मागे छातीइतका उंच लोखंडी ड्रम, त्यातून निघालेला पाइप थेट इंजिनात गेलेला, आणि टपावर पऱ्हाटीची पोती. कापूस वेचून झाला की शेतात वाळक्या काड्या उरतात, त्या. आमच्याकडे त्या चुलीत जात.

बाबांना वाटलं, गाडी पेटली. ते बादली घेऊन धावले.

"पाणी टाकू नका!" काजळीने कपाळ माखलेला एक तरुण ओरडला. "ते पेटलेलंच पाहिजे!"

हाच मुलगा.

मागून त्याची आई उतरली. लुगडं झटकत माझ्या आईला म्हणाली, "जगातलं पेट्रोल संपणार आहे म्हणते हा. म्हणून आम्ही आतापासूनच धूर खाऊन राहिलो."

मी पोहे घेऊन बैठकीत गेले, तर मुलगा तिथे नव्हताच. विस्तव विझला तर परतीची पंचाईत, म्हणून तो अंगणात जीपला काड्या भरवत होता. शेवटी मलाच बशी देऊन बाहेर पाठवलं.

त्याने बशी बोनेटवर ठेवली आणि समजावू लागला. काडी मोकळी जळू द्यायची नाही, हवा मोजकीच सोडायची. मग जळणारा वायू तयार होतो. तो पाण्यातून, काथ्यातून गाळून इंजिनाला द्यायचा. काडी दरवर्षी शेतात उगवते. तेल काही परत उगवत नाही.

"समजलं?"

"धूर गाळून पाजता," मी म्हणाले.

त्याने हातातली काडी खाली ठेवली. "मला इतकं सोपं करून कधी सांगता आलं नाही," म्हणाला. मग विचारलं, "तुमच्याकडे कापूस किती?"

"थोडाच. संत्र्याचा बगीचा आहे."

त्याचा चेहरा उतरला. 'समजलं?' सोडलं तर मला विचारलेला तो एकच प्रश्न.

पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, "पोरगा बिडी पीत नाही. जो काही धूर काढते, तो गाडीतूनच." होकार गेला.

लग्नानंतर आम्ही त्याच जीपने जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायचो. चढ आला की सासूबाई न सांगता उतरून चालू लागत. काड्या बोटाएवढ्या कापाव्या लागत, ते काम माझ्याकडे आलं. एके दिवशी मी म्हटलं, "अहो, तुमचं पेट्रोल मी कापून राहिली. तुम्ही नुसते चालवून राहिले." यांनी विळा हातातून घेतला आणि पुढे कधी परत दिला नाही.

पावसाळ्यात पऱ्हाटी ओली झाली आणि सौंसरच्या बाजारापाशी इंजिन कायमचं थांबलं. मिस्त्रीने ते उघडलं, तर आत डांबरासारखा काळा चिकटा. हे त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले. मी चहा आणून ठेवला. तर म्हणाले, "दोन पोती सुकी ठेवायला पाहिजे होती."

"पुढच्या वर्षी ठेवू," मी म्हटलं. माझा तसा काही विचार नव्हता, पण यांनी चहा घेतला.

पुढच्या वर्षी जुनी स्कूटर घेतली. पंपावर पेट्रोल भरताना हे रस्त्याकडे तोंड करून उभे राहत, आणि टाकी भरली का ते मी पाहत असे.