मुखरू मिस्त्री आणि लाँचचं शेपूट

सिरोंच्याच्या घाटावर मुखरू मिस्त्रीला सगळे ओळखत, आणि थोडे वचकूनही असत. सरकारी लाँच त्याच्या ताब्यात होती ना! तशी ती लाँच म्हणजे लढाई संपल्यावर लिलावात निघालेला माल. खात्यानं तो घेतला आणि साहेबांच्या दौऱ्यासाठी प्राणहितेत आणून सोडला. घ्यायला काय लागतं? चालवायला मुखरू लागतो.

या लाँचचा पंखा बुडाखाली नव्हता. मागच्या फळीला बाहेरून एक जाडजूड लोखंडी पाय लटकत होता आणि पंखा त्याच्या टोकाला होता. घाटावरचे लोक त्याला शेपूट म्हणत. प्राणहितेत जिथं बघावं तिथं रेती. पाणी उथळ आलं की शेपूट वर उचलायचं, खोल आलं की खाली सोडायचं. त्यासाठी आत एक हातपंप होता. दांडा मारला की दोन रबरी नळ्यांतून तेल जाई. एका नळीनं शेपूट वर, दुसरीनं खाली.

मुखरू ब्रह्मपुरीकडचा, वैनगंगेकाठच्या मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरचा. भात गिरणीच्या इंजिनावर काम शिकला आणि त्रेपन्न साली इथं रोजंदारीवर लागला. महिनाभरात त्याच्या ध्यानात आलं की हे काम कोणीही चार दिवसांत शिकेल आणि मग आपल्याला नारळ मिळेल. घरी रंभा बाळंतीण होती, मंगली तेव्हा दोन महिन्यांची. म्हणून त्यानं एक शहाणपणा केला. पंपाच्या ज्या दोन तोंडांना नळ्या बसत, त्यांवर इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. वर नेणारी कोणती आणि खाली आणणारी कोणती, ते सांगणारी. ती त्यानं कानशीनं घासून सपाट केली. मग साहेबांसमोर हात जोडून म्हणाला, "साहेब, या मशिनीचा भरवसा नाई. माह्याशिवाय दुसऱ्यानं हात लावला त शेपूट तुटन."

साहेबांनी ते फाईलवर लिहून ठेवलं. मुखरूला नोकरीत कायम केलं. आणि तिथंच त्यानं आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, कारण त्यानंतर त्याच्या रजेच्या प्रत्येक अर्जावर एकच शेरा येऊ लागला: पर्यायी माणूस उपलब्ध नाही. सुरुवातीला वर्षातून चार दिवस तरी मिळत. गेली दोन वर्षं तेही नाहीत. बदलीचे पाच अर्ज झाले, पाचांवर तोच शेरा. मुखरूला तो शेरा पाठ होता. तो आपलाच आहे हेही त्याला माहीत होतं, पण आता कोणत्या तोंडानं सांगणार? सांगावं तर सरकारी वस्तू घासून खराब केल्याचं निघालं असतं.

त्यात नळ्या फाटत चालल्या. पुरवठ्याच्या मागणीचा कागद नागपूरला गेला, तोवर राज्यच बदललं आणि फायली मुंबईला गेल्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथं तीन वर्षं लागली. तेवढी वर्षं मुखरूनं सायकलच्या ट्यूबची पट्टी, वरून सुतळी आणि सुतळीवर पळसाची लाख असं करून नळ्या जिवंत ठेवल्या. तरी तेल ठिबकायचंच.

अठ्ठावन्नचा दसरा झाला आणि रंभानं मास्तरांकडून लिहवून घेतलेलं कार्ड आलं. "मंगली तुमच्या दादालेच, नानाजीभाऊलेच, बाबा म्हणते. त्यायची पोरं म्हणतात म्हणून हेही म्हणते. दोन वर्ष झाले, तिनं तुमचं तोंड पाह्यलं नाई. या दिवाळीले याल त सवय मोडन. मंग मोडणार नाई."

त्याच आठवड्यात, कोण जाणे कुठून फिरून, नव्या नळ्या आल्या. साहेब म्हणाले, "आज दुपारपर्यंत बसव. मला तेलाचा एक थेंब दिसता कामा नये. दिसला नाही तर दिवाळीची रजा दिली."

मुखरूला आनंदानं काही सुचेना. शेपूट वर करून ठेवलेलं असलं की नळी खोलण्याआधी त्याखाली लाकडाचा टेकू लावायचा, ही त्याची पाच वर्षांची सवय. नळीत तेल आहे म्हणून शेपूट वर आहे. नळी सुटली की ते खाली येणारच. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात टेकू नव्हता, घरच्या वाटेनं आल्लापल्लीकडे जाणारा सागाचा ट्रक होता. तो लाँचमागं कमरेएवढ्या पाण्यात उतरला, डावा हात शेपटाच्या सांध्यात घालून नळी धरली आणि उजव्या हातानं पाना फिरवला. नट सुटला. तेलाची चिळकांडी तोंडावर उडाली आणि शेपूट खाली बसलं, त्याच्या हातावर.

दगडाखाली हात सापडणं लोक उगीच म्हणतात. मुखरूचा खरोखरच सापडला. पंजा लोखंडाच्या दोन जबड्यांमध्ये, वर चार माणसांचं ओझं. तो असा ओरडला की काठावर भाकरी थापणारा जंगू पीठभरल्या हातानं धावला.

जंगू हा लाँचवरचा खलाशी. गोंड, मुखरूपेक्षा दहा वर्षांनी मोठा, जन्म डोंगा वल्हवण्यात गेलेला. पहिल्या वर्षी त्यानं, "मले पण शिकवा, मिस्त्री," म्हटलं होतं. मुखरूनं त्याला इंजिनाच्या खोलीत पाय ठेवायची बंदी केली. तेव्हापासून तो काठी मारी, दोर बांधी, भाकरी भाजी आणि गप्प राही.

जंगूनं बांबू आणून शेपटाखाली घातला आणि खांदा लावला. शेपूट हललं नाही. लाँचच डुलली आणि मुखरूच्या डोळ्यांसमोर अंधार आला.

"नको! नको! तोडशील हात!"

"मंग कसं करू?"

कसं करणार? आज बाजाराचा दिवस, घाटावर चिटपाखरू नाही. शेपूट पडताना जुन्या नळ्या सांध्यात चिरडल्या आणि हिसक्यानं पंपाच्या तोंडांतून उपटून आल्या. आता वाट एकच होती. आत जाऊन नव्या नळ्या बसवायच्या, तेल भरायचं आणि पंप मारायचा. पण नळ्या उलट बसल्या, तर पंप शेपूट उचलणार नाही, खाली दाबेल. मग हाताचा भुगा. आणि कोणतं तोंड कोणतं, ते सांगणारी अक्षरं मुखरूनं स्वतः घासून टाकलेली.

"जंगू, आत जा. दोन तोंडं आहेत. डाव्या... थांब. उजव्या..." तो अडखळला. पाच वर्षं तो आतूनच पाहत आला होता. आज बाहेर उभा होता, तोंड उलट दिशेला आणि जीव हातात अडकलेला. डावं कोणतं, उजवं कोणतं, काही केल्या ठरेना. ज्याच्या जोरावर त्यानं पाच वर्षं काढली, ते गुपित त्याचं त्यालाच आठवेना. तो रडू लागला, उघड, लहान पोरासारखा.

"गप्प राहा, मिस्त्री," जंगू आतून म्हणाला.

पान्याचा आवाज आला. एक नट आवळला, मग दुसरा. मग जंगू बाहेर येऊन पाण्यात उतरला आणि शेपटाकडची टोकं बसवू लागला. हात घाईत नव्हते. मग तो पुन्हा आत गेला आणि डबा उपडा करून पंपात तेल ओतल्याचा आवाज आला.

"मार ना पंप! मार लवकर!" मुखरू किंचाळला.

"अगोदर हवा काढू द्या. हवा राह्यली त झटका मारन."

मुखरूचं रडं तिथंच थांबलं. हवा काढायची असते हे त्यानं कोणालाही, कधीही सांगितलं नव्हतं. बारका स्क्रू ढिला करून जंगू दांडा हळूहळू हलवत होता. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग नुसतं तेल. त्यानं स्क्रू आवळला आणि दांडा मारला. शेपूट केसभर उचललं. मग बोटभर. जंगूनं स्वतःहून टेकू लावला, तेव्हा कुठं मुखरूनं हात ओढून घेतला. दोन बोटं गेल्यातच जमा होती.

काठावर बसून जंगू त्याला धोतराची पट्टी बांधत होता.

"तुले कसं समजलं, कोणतं तोंड कोणतं?"

"तुमी नळी खोलत होते तवा दारातून पाह्यलं. तुमी घाटावर गेले तवा आत जाऊन तोंडाशेजारच्या फळीवर सुरीनं बारीक खूण करून ठेवली. मोहाच्या झाडाले आपलं म्हणून करतो तशी."

"कवा?"

"मोठा पूर आला त्या वर्षी. पंचावन्नले."

मुखरूनं मनात हिशेब केला. तेव्हा मंगली दोन वर्षांची होती, नुकती बोलायला लागलेली. त्याला संताप आला. "तीन वर्षं! सांगतलं काऊन नाई रे?"

"सांगतलं असतं त तुमी मले लाँचवर ठेवलं असतं?"

मुखरूला उत्तर ठाऊक होतं. नसतं ठेवलं. दुसऱ्याच दिवशी काहीतरी खोट काढून घालवलं असतं. पोट दोघांना होतं आणि भीतीही एकच होती, म्हणून दोघं तीन वर्षं एका लाँचवर तोंड मिटून बसले होते.

दुपारी साहेब आले. थेंब गळत नव्हता. मुखरूनं फडक्यात बांधलेला हात छातीशी धरला आणि म्हणाला, "साहेब, दुसरा माणूस आहे. जंगूभाऊ. तीन वर्षांपासून आहे." अक्षरं घासल्याचंही सांगून टाकलं. साहेबांनी आधी पंपाची घासलेली तोंडं बघितली. मग म्हणाले, "पाचही अर्जांवर शेरा मी तुझ्याच शब्दानं मारला, मुखरू." रागावण्याजोगं त्यांना आणखी काही सापडलं नसावं. पंधरा दिवसांत बदलीचा कागद आला. लाँच जंगूच्या नावावर चढली.

दिवाळीला दोन दिवस असताना मुखरू घरी पोचला. ओट्यावर नानाजी सुतळी वळत बसला होता आणि एक पोरगी त्याच्या खांद्यावर लोंबत होती. परका माणूस आणि त्याचा बांधलेला हात पाहून ती नानाजीच्या मागं दडली.

"बाबा, हे कोन आहेत?"

नानाजीनं वर पाहिलं आणि तो उठून उभा राहिला. मुखरूनं वाटेत शंभरदा घोकलेला 'बाबा' हा शब्द तोंडाशी आला. पोरीची मूठ नानाजीच्या धोतरात आवळलेली होती. या मुठीतलं धोतर सोडवायचा आपल्याला काय हक्क, असं त्याला वाटलं.

"मी? मी तुह्या बाबाचा लहान भाऊ," तो म्हणाला.

रंभा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तिनं ते ऐकलं.

"अन् मंग मी कोन? तुमची वयनी?" ती म्हणाली.